बोरू, शाई आणि पावसाळा

प्रश्न : घरी केलेल्या काजळीच्या शाईला पावसाळ्यात बुरशी येते, आणि बोरूने लिहिलेलं पत्र वाळल्यावरही बोटाला काळं लागतं. काय चुकतंय? – एक वाचक, गुहागर

उत्तर : बोटाला कोरडी पूड लागत असेल तर डिंक कमी पडलाय, अक्षर चिकट राहत असेल तर जास्त झालाय. ५ ग्रॅम काजळीला ५ ग्रॅम बाभळीचा डिंक घ्या. डिंक १५ मिली कोमट पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. मग काजळीत हे दाट पाणी थेंबथेंब घालत तासभर खला. इथे घाई नको! काजळी पाण्याला धरत नाही. सगळं पाणी एकदम ओतलं की ती वर तरंगते आणि गुठळ्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. लेप चकचकीत, एकजीव झाला की उकळून गार केलेलं ३० मिली पाणी हळूहळू मिसळा.

बुरशी डिंकावर धरते. बाटलीत दोन लवंगा टाका, बोरू बाटलीत न बुडवता शाई छोट्या वाटीत काढून घ्या, आणि कोकणातल्या दमट हवेत एका वेळी थोडीच करा.

ही शाई वाळल्यावरही पाण्याने सुटते. म्हणून पाकिटावरचा पत्ता मात्र बॉलपेननेच लिहा.

प्रश्न : बोरूतून शाईचा ठिपका का पडतो? – एक वाचक, मालवण

उत्तर : टोकाची चीर लांब झाली असेल. अर्धा सेंटिमीटर पुरते. टोक कापून नव्याने तासा.