वाचकांचे प्रश्न : लहान मुलाचा नाताळ

प्रश्न : आदरणीय ताई, जय ख्रिस्त. मी मिरजेला राहते. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. डिसेंबर उजाडला की त्याच्या बालवाडीत लाल कपडे, कापसाची दाढी आणि चॉकलेटे यांची गडबड सुरू होते. परवा त्याने मला विचारले, "मम्मी, नाताळ म्हणजे सांताचा वाढदिवस ना?" ते ऐकून मला फार अपराधी वाटले. माझे पती साखर कारखान्यात नोकरीला आहेत. गळीत हंगाम चालू असल्यामुळे २४ तारखेला त्यांची रात्रपाळी आहे, म्हणून रात्रीच्या उपासनेला मुलाला घेऊन मी एकटीच जाणार. २५ तारखेला दुपारच्या एसटीने आम्ही साताऱ्याला सासरी जातो आणि तेथे आत्या व काका मुलापुढे खेळण्यांचा ढीग घालतात. या सगळ्यात प्रभूचा जन्म त्याच्या मनात कसा रुजवावा? सांता खोटा आहे, असे त्याला सांगून टाकावे का?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने चुकीचे उत्तर दिले असले, तरी ते देण्याची त्याची रीत अगदी बरोबर आहे. कापसाची दाढी त्याने स्वतःच्या गालावर लावून पाहिली, चॉकलेट स्वतःच्या हाताने खाल्ले. गव्हाणीतले बाळ मात्र त्याने बहुधा भेटकार्डावरच पाहिले असेल. साडेचार वर्षांचे मूल हाताने, नाकाने आणि जिभेने शिकते. म्हणून सांताला घराबाहेर कसे काढावे, या विचारात वेळ न घालवता, बेथलेहेमची गोष्ट मुलाच्या हाताशी कशी येईल, हे आधी पाहावे.

या बाबतीत आपण सांगली-साताऱ्याची माणसे भाग्यवान आहोत. भेटकार्डांवरचे बर्फ आणि सूचिपर्णी झाडे आपल्या मुलांना परकी आहेत, पण लूककृत शुभवर्तमानातल्या जन्मकथेत जे आहे ते आपल्या शिवारात आजही दिसते. मिरजेच्या बाहेर थोडे अंतर गेले की कोणाच्या ना कोणाच्या गोठ्यात गव्हाण असतेच. एखाद्या रविवारी उपासनेनंतर मुलाला तेथे घेऊन जा, गव्हाणीतल्या कडब्यावरून त्याला हात फिरवू द्या आणि "मरीयेने आपले बाळ अशा जागी निजवले, कारण त्यांना उतरायला दुसरी जागा मिळाली नाही," एवढेच सांगा. मी पुष्कळ वर्षे शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, लहान मुलांचा वर्ग घेतला. एकदा मुलांना असाच गोठा दाखवला, तेव्हा एका मुलीने कडबा चाचपून विचारले, "बाळाला टोचलं नाही का?" देवाचा पुत्र किती दीन होऊन आला, यावर मी तोवर केलेल्या सर्व बोलण्यापेक्षा तिचा तो प्रश्न अधिक खोल होता. तिला मी बाळंत्याचे सांगितले: आईने बाळाला कापडात नीट गुंडाळले होते, म्हणून टोचले नसेल. घरी तुमच्या मुलाचे जुने दुपटे असेल तर ते बाहेर काढा आणि एखाद्या बाहुल्याला गुंडाळायला त्याला शिकवा.

जन्मकथेतल्या मेंढपाळांचेही तसेच आहे. जत-आटपाडीकडे किंवा साताऱ्याच्या माण-खटावात तुमचे कोणी नातेवाईक असतील तर त्यांना विचारून पाहा. शेतात खतासाठी मेंढरे बसवायला आलेले धनगर, जाळीच्या कुंपणातली मेंढरे, राखणीचा कुत्रा आणि खांद्यावरची घोंगडी, हे मुलाने सायंकाळी एकदा पाहिले की "रानात राहून रात्री आपला कळप राखणारे" म्हणजे कोण, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जाता जाता एक सांगते: नाताळच्या देखाव्यात गव्हाणीजवळ मांडतात तो बैल आणि गाढव जन्मकथेत कोठेच नाहीत. यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायात धन्याला ओळखणारा बैल आणि गाढव आहेत, ते ख्रिस्ती परंपरेने गव्हाणीजवळ आणून उभे केले. मुलाला ते आवडत असतील तर खुशाल राहू द्यावेत.

तुमच्या पतींच्या रात्रपाळीविषयी तुम्ही खंत व्यक्त केली आहे. मला मात्र ती तुमच्या घराला मिळालेली मोठी सोय वाटते. प्रभूच्या जन्माची वार्ता देवदूताने प्रथम कोणाला सांगितली? राजवाड्यात झोपलेल्यांना नव्हे, तर रानात रात्रपाळी करणाऱ्यांना. पप्पा कामावर निघताना मुलाच्या हातून त्यांच्या डब्यात दोन करंज्या ठेवायला लावा आणि त्यांच्या सोबत्यांसाठीही थोडा फराळ बांधून द्या. "मेंढपाळही त्या रात्री कामावरच होते," हे वाक्य त्याच्या पप्पांनीच त्याला सांगावे. वडिलांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट मुलाच्या मनात जन्मभर राहते. रात्रीच्या उपासनेचा मात्र आग्रह धरू नका. दुपारी मूल चांगले झोपले असेल तर न्यावे. नाही तर २५ तारखेच्या सकाळच्या उपासनेला ताजेतवाने जावे. कडाक्याच्या थंडीत पेंगुळलेल्या मुलाला दटावत बसलेली आई मी अनेकदा पाहिली आहे. त्या मुलाच्या आठवणीत चर्च म्हणजे दटावणी एवढेच राहते.

आता २४ तारखेच्या आधीचे दिवस. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचे, चार रविवार आपल्याला दिलेलेच आहेत. पहिल्या रविवारी एक दिवा, दुसऱ्या रविवारी दोन, असे करत चौथ्या रविवारी चार दिवे लावावेत आणि दर वेळी गोष्टीचा एकच तुकडा सांगावा: मरीयेला भेटलेला देवदूत गब्रीएल, योसेफाचे स्वप्न, बेथलेहेमची वाट आणि गव्हाण. पाच मिनिटांपेक्षा अधिक लांबवू नये. मेणबत्त्यांऐवजी पणत्या लावल्या तर चालतील का, असे मला दर वर्षी कोणीतरी विचारते. माझ्या मते अवश्य चालतील. मातीच्या पणतीवर कोणत्याही एका धर्माचे नाव लिहिलेले नाही आणि पहिल्या शतकात पॅलेस्टाईनमधल्या घरांतही मातीचेच तेलदिवे जळत असत. रोज रात्री एकच नाताळगीत म्हणावे. गीते बदलत राहिली तर लहान मुलाला एकही पाठ होत नाही. पेटी येत नसली तरी टाळ घ्यावेत आणि एक जोडी मुलाच्या हाती द्यावी. ख्रिस्ती उपासनेत भजन आणि कीर्तन मानाने आणणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरच्या काळात साताऱ्यालाच राहत होते आणि १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा तेथेच सुरू केला. तुमच्या सासरचे गाव या बाबतीत काही कमी नाही, हेही मुलाला पुढे केव्हातरी सांगता येईल.

साताऱ्याच्या एसटी प्रवासाचाही उपयोग करून घ्या. नासरेथाहून बेथलेहेमपर्यंतचे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे साधारण सांगलीहून साताऱ्याएवढेच. योसेफ नावनिशीसाठी, म्हणजे शिरगणतीत नाव नोंदवायला, आपल्या मूळ गावी निघाला होता, तुम्हीही गावीच निघाला आहात. कराडला गाडी थांबली, मूल कंटाळले, "अजून किती लांब?" असे त्याने तिसऱ्यांदा विचारले, की म्हणावे, "मरीयेलाही असेच वाटले असेल, आणि तिला तर एसटीही नव्हती."

सांताविषयी माझे मत स्पष्ट आहे. मुलाशी खोटे बोलू नये, पण सांताविरुद्ध मोहीमही काढू नये. उशाशी मोजा ठेवून "रात्री सांता येऊन गेला" असे आपण आपल्या तोंडाने म्हणू नये. कारण न दिसणाऱ्या देवाविषयी जे ओठ सांगतात, त्याच ओठांनी न दिसणाऱ्या सांताचीही ग्वाही दिली, तर पुढे एक खोटा ठरला की मूल दुसऱ्याविषयीही शंका घेईल आणि तो दोष त्याचा नसेल. उलट, बालवाडीतला लाल कपड्यांतला माणूस खोटारडा आहे असे सांगितले, तर मूल ते वर्गात जाऊन इतरांना सांगेल आणि तक्रार तुमच्याकडे येईल. त्याऐवजी त्याला संत निकोलसची गोष्ट सांगा. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी ते बिशप होते. एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याअभावी त्यांची लग्ने होत नव्हती. निकोलस यांनी रात्री कोणाला कळू न देता त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, असे परंपरा सांगते. हुंड्याचे दुःख आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको. त्यांचा स्मरणदिन ६ डिसेंबरला असतो. त्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन एखाद्या गरजू शेजाऱ्याच्या दाराशी गुळाची ढेप, स्वेटर असे काहीतरी ठेवून यावे आणि कोणी ठेवले ते दोघांनीही सांगू नये. गुपित राखण्यात त्या वयाच्या मुलाला जो आनंद होतो, तो खेळणे मिळण्याच्या आनंदापेक्षा थोडाही कमी नसतो. "सांता म्हणजे या माणसाची आठवण काढून लोक घेतात ते सोंग," एवढे सांगितले की पुरे.

राहिला सासरच्या खेळण्यांचा ढीग. हे बोलणे सणाच्या दिवशी सर्वांदेखत काढू नका. आधीच सासूबाईंना फोन करा आणि त्यांच्याच हाती ते सोपवा. आत्या-काकांचे प्रेम मोडून काढायचे नाही, ते थोडे पसरवायचे आहे: एक भेट २५ तारखेला द्यावी, बाकीच्या आजींनी कपाटात ठेवून ६ जानेवारीला, बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांच्या आगमनाची आठवण करतात त्या दिवशी, द्याव्यात. आजींना आणखी एक काम देता येईल. मत्तयकृत शुभवर्तमानात मागींनी सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केल्याचे सांगितले आहे. तर आजींनी निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकून तो वास नातवाला घेऊ द्यावा. तान्हेपणी अंघोळीनंतर त्याला धुरी देत असतील, तर तेही त्यांनाच सांगू द्या.

प्रश्न : शास्त्रात २५ डिसेंबर ही तारीख नाही, असे वाचले. मग तीन वर्षांच्या मुलीला "आज येशूचा वाढदिवस" असे सांगून केक कापणे योग्य आहे का?
— एक पिता, विटा

उत्तर : तुम्ही वाचलेले खरे आहे. नव्या करारात जन्माची तारीख कोठेही दिलेली नाही. रोमच्या मंडळीत इ. स. ३३६ च्या सुमारास २५ डिसेंबरला हा सण पाळला जात असल्याची नोंद मिळते. "आज आपण येशूच्या जन्माचा आनंद करतो," असे वाक्य वापरले की ते तिसऱ्या वर्षीही खरे असते आणि तेराव्या वर्षीही बदलावे लागत नाही. केकला माझी हरकत नाही. फक्त मेणबत्ती फुंकून विझवायला लावू नका. त्या दिवशी दिवा लावण्याला अर्थ आहे, विझवण्याला नाही.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळचा मातीच्या मूर्तींचा देखावा आहे. नात तीन वर्षांची आहे. ती मेंढरे उचलून नेते, योसेफाला झोपवते, बाळाला फ्रॉकच्या खिशात घालते. तिला रागवावे की हे पवित्र आहे असे समजवावे? एका मेंढराचा पायही मोडला आहे.
— एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, कृपया रागवू नका. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी खरा बैल, खरे गाढव आणि खरी गव्हाण मांडून देखावा केला, तो लोकांना डोळ्यांनी पाहता यावा म्हणूनच. तुमची नात एक पाऊल पुढे जाऊन त्या गोष्टीत स्वतः वावरते आहे. वडिलांच्या मूर्ती मौल्यवान असतील तर त्या उंचावर ठेवा आणि तिच्यासाठी कणकेच्या किंवा शाडूच्या मूर्ती तिच्याबरोबर बसून करा. बाळाची मूर्ती मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत तिच्या खिशातच राहू द्या, आणि त्या रात्री गव्हाणीत ठेवण्याचा मान तिलाच द्या. मोडलेल्या पायाला फेव्हिकॉल लावून ते मेंढरू रात्रभर आडवे ठेवा. सकाळी ते उभे राहते.