भीक आणि गरिबीचे इंग्रजी शब्द रशियनमध्ये कसे म्हणतात?

भीक मागणं आणि गरिबी यांसाठी इंग्रजीत जे शब्द, वाक्प्रचार आहेत त्यांना रशियनमध्ये काय म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. सरळ जुळणारे आधी सांगून टाकतो. 'पुअर अ‍ॅज अ चर्च माउस', म्हणजे अगदी कंगाल, यातला चर्चचा उंदीर रशियनमध्येही चर्चचाच आहे. 'मेक एंड्स मीट' म्हणजे 'स्वदीत कन्त्सी स कन्त्सामी', टोकाला टोक जुळवणं. 'हँड टू माउथ', म्हणजे आपलं हातावरचं पोट, याला 'पेरेबिवात्सा स ख्लेबा ना क्वास' चालतं: कधी पाव, तर कधी नुसतं पावापासून आंबवलेलं क्वास, असे दिवस ढकलणं. 'ब्रोक' किंवा 'स्किंट' ही तात्पुरती कडकी. त्याला 'ना म्येली', नाव उथळ पाण्यात रुतल्यासारखं.

खरी अडचण भीक मागण्याच्या शब्दांत येते. 'बेगर'ला शब्दकोश 'नीश्ची' देतो. पण 'नीश्ची' म्हणजे अठराविश्वे दारिद्र्य असलेला कुणीही, मग तो हात पसरो वा न पसरो. बायबलमधल्या 'आत्म्याने दीन ते धन्य' या वचनात रशियनमध्ये हाच शब्द आहे. मागे लागून पैसे मागणारा, अमेरिकन इंग्रजीतला 'पॅनहँडलर', यासाठी 'पप्रशायका' घ्या. त्यात तिरस्कार आहे, तेव्हा जपून.

इंग्रजीतल्या 'व्हेग्रंट', 'व्हॅगबाँड' (बेघर भटक्या) या शब्दांना कायद्याचा वास आहे. इंग्लंडच्या 1824च्या कायद्याने रस्त्यावर भीक मागणाऱ्याला आळशी आणि बेशिस्त ठरवलं. जखम किंवा व्यंग दाखवून मागणारा तर त्याहून वरचा गुन्हेगार. जखमा दाखवण्याची ही बाब आपल्याकडच्या 1959च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यातही आहे. कायद्याची भाषा कशी वारशाने येते ते यात दिसतं आणि मला ते फार खुपतं.

रशियनमधले जुने शब्द मात्र चर्चच्या पायरीवरून आलेत. त्या पायरीला 'पापेर्त' म्हणतात. 'पापेर्तवर उभं राहणं' म्हणजेच भीक मागायची वेळ येणं. मागणारा म्हणायचा 'ख्रिस्ता रादी', ख्रिस्तासाठी द्या, आणि त्यावरून भीक मागण्याला 'ख्रिस्तारादनिचात' असं अख्खं क्रियापदच तयार झालं. भिक्षेला 'मीलस्तिन्या', मूळ अर्थ दया. इंग्रजी 'आम्स', म्हणजे भिक्षा, याचंही मूळ दयेच्याच ग्रीक शब्दात आहे, पण आज इंग्रजी बोलणाऱ्याला ते जाणवत नाही.

'पायती पा मीरू' नीट लक्षात ठेवा. 'मीर' म्हणजे जग, म्हणून नवशिके 'जगभर फिरणं' असं भाषांतर करतात. इथला 'मीर' म्हणजे गावचा समाज, लोक. अर्थ, झोळी घेऊन दारोदार फिरायची पाळी येणं. 'रिड्यूस्ड टू बेगरी'ला हाच नेमका जोड. त्या झोळीला 'सुमा' म्हणतात आणि म्हण आहे: 'अत सुमी दा अत त्युर्मी न्ये झारेकायस्या', म्हणजे झोळी आणि तुरुंग आपल्या वाट्याला कधी येणारच नाहीत असं छातीठोकपणे म्हणू नकोस. इतकं माणुसकीचं वाक्य इंग्रजीत शोधून मला सापडलं नाही. 'देअर बट फॉर द ग्रेस ऑफ गॉड', म्हणजे देवाची कृपा नसती तर माझीही हीच गत झाली असती, हे जवळचं आहे, पण त्यात बोलणारा स्वतः सुखरूप असतो.

'बेगर्स कान्ट बी चूझर्स', म्हणजे मागणाऱ्याला निवड करता येत नाही, हे शब्दशः नेऊ नका. प्रसंग पाहून 'ना बेझरिब्ये इ राक रिबा' म्हणा: मासाच नसेल तर खेकड्यासारखा क्रेफिशही मासाच. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल असेल तर दान मिळालेल्या घोड्याचे दात न पाहण्याची म्हण.

'ऑन हिज अपर्स' म्हणजे बुटाचे तळ झिजून नुसतं वरचं चामडं उरलेला माणूस. रशियनमध्ये 'गोल काक सकोल', सकोलसारखा उघडा. 'सकोल'मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर द्या. पहिल्यावर दिला तर तो ससाणा पक्षी होतो. इथला सकोल म्हणजे, रूढ स्पष्टीकरणानुसार, तटबंदी फोडायचा गुळगुळीत ओंडका.

मित्राकडे सिगारेट मागणं, 'बम अ सिगारेट', याला 'स्त्रेल्यात', शब्दशः गोळी झाडणं. पोरं खेळण्यासाठी भुणभुण लावतात ते 'क्ल्यान्चित'. आणि 'होमलेस'ला 'बोम्झ' लिहू नका. ती 'निश्चित निवासस्थान नसलेला' या सरकारी शब्दांची आद्याक्षरं, आता ती शिवी झालीये. 'बेझ्दोम्नी' लिहा.