वाचकांचे प्रश्न : घरच्या संगणकावर हलती चित्रे

मागील अंकात मी माझ्या छंदाविषयी लिहिले होते. सिद्धेश्वरांच्या यात्रेतील नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीवर चाळीस सेकंदांचे ॲनिमेशन घरच्या संगणकावर, एकही सॉफ्टवेअर विकत न घेता कसे तयार केले, त्याची ती हकीकत होती. त्यावर सोलापूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांना येथे उत्तरे देत आहे. मी या विषयातला शिक्षित तज्ज्ञ नाही. नोकरी सांभाळून रात्री आणि रविवारी गेली बारा वर्षे जे करून पाहिले, त्याच्या आधारेच लिहीत आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. माझ्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि घरून फार तर दहा हजार रुपये मिळतील. त्यात कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? — अक्कलकोट रस्ता

या दहा हजारांतला एकही रुपया सॉफ्टवेअरवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीला मी नेमकी हीच चूक केली होती. एका मोठ्या कंपनीच्या प्रणालीची मासिक वर्गणी भरली. पहिले चार महिने मी फक्त तिच्या खिडक्या आणि बटणे ओळखत राहिलो, आणि वर्गणी थांबवताच माझ्याच फाइली मला उघडता येईनाशा झाल्या. त्या चार महिन्यांत एकही चित्र पूर्ण झाले नाही, याचे मला पैशांहून अधिक वाईट वाटले.

आपण तीन ते पाच हजारांच्या आसपास मिळणारा, पडदा नसलेला साधा ग्राफिक टॅबलेट (संगणकाला जोडून ज्यावर पेनने चित्र काढतात ती पाटी) आणि त्याची पेन घ्यावी. दुकानदार पेनच्या दाबाच्या हजारो पातळ्यांचे आकडे सांगतील, पण शिकणाऱ्याच्या हाताला त्यातला फरक जाणवत नाही. हात टेबलावर आणि नजर समोरच्या पडद्यावर, ही सवय लागायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर रेषा वेड्यावाकड्या येतील, त्याने घाबरू नये. उरलेल्या पैशांत लॅपटॉपची रॅम आठ जीबी करता येते का, ते पाहावे. त्या खर्चाचा उपयोग आपल्याला रोज जाणवेल.

सॉफ्टवेअरपैकी पहिल्या महिन्यात ‘पेन्सिल टूडी’ वापरावे. ते लहान आहे, जुन्या यंत्रावरही चालते, आणि कागदावर एकामागून एक चित्रे काढून ती चाळण्याची जी मूळ पद्धत आहे, तीच त्यात आहे. हात बसला की ‘क्रिटा’कडे वळावे. चित्रकलेसाठी मोफत मिळणाऱ्यांत मला तेच सर्वांत आवडते. मात्र ॲनिमेशन करताना क्रिटाला रॅम फार लागते. म्हणून कॅनव्हास १२८० गुणिले ७२० पिक्सेलपेक्षा मोठा ठेवू नये आणि एका फाइलमध्ये पाच-सहा सेकंदांहून अधिक काम करू नये. ‘ओपनटून्झ’ हे जपानच्या स्टुडिओ जिब्लीने वापरलेल्या टून्झ या प्रणालीवर आधारलेले असून २०१६ पासून मोफत आहे. त्याची ताकद मोठी असली, तरी त्याची मांडणी नवख्याला गोंधळात टाकते, त्यामुळे ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे. त्रिमितीय (थ्रीडी) चित्रांसाठीच्या ‘ब्लेंडर’च्या नव्या आवृत्त्या आपल्या लॅपटॉपवर बहुधा नीट चालणार नाहीत.

प्रश्न : मोफत म्हणजे चोरीचेच ना? अशा सॉफ्टवेअरवर केलेले काम विकले तर कायदेशीर अडचण येईल का? — नवी पेठ

अजिबात नाही. वर सांगितलेली सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली दिली जातात. ती वापरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा आणि बदलण्याचाही हक्क तो परवानाच आपल्याला देतो, आणि त्यांत काढलेले चित्र सर्वस्वी आपले असते. ब्लेंडरची गोष्ट या दृष्टीने माहीत असावी अशी आहे. ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर त्याचे जनक टोन रोझेनडाल यांनी २००२ मध्ये लोकवर्गणीचे आवाहन केले, सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, आणि त्या रकमेतून हक्क सोडवून घेऊन ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. लात्व्हियाच्या दिग्दर्शकाचा ‘फ्लो’ हा चित्रपट याच ब्लेंडरमध्ये घडला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. चोरीचे म्हणायचे तर, महागड्या प्रणालींच्या ज्या प्रती पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतात, त्या चोरीच्या असतात. त्यांच्यासोबत व्हायरस येतो तो वेगळाच.

प्रश्न : मी चाळीस वर्षे चादरीच्या कारखान्यांसाठी ग्राफवर नक्षी काढली. आता वय बासष्ट आहे, हात थोडा थरथरतो. नातू म्हणतो की संगणकावर शिका. या वयात जमेल का, आणि माझ्या जुन्या कामाचा त्यात काही उपयोग होईल का? — पूर्व भाग, सोलापूर

काका, आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. आपण ज्याला जुने काम म्हणता, ते संगणकाच्या चित्रकलेचे अगदी जवळचे नातलग आहे, आणि हे मी आपले मन राखण्यासाठी लिहीत नाही.

आपल्या ग्राफच्या कागदावर उभी घरे ताण्याची आणि आडवी घरे बाण्याची. आडव्या ओळीतली कोणती घरे भरायची हे आपण ठरवलेत की त्या ओळीचे एक पंचकार्ड कापले जाई. जिथे भोक असेल तिथला हूक वर उठे आणि ताण्याचा धागा उचलला जाई. भोक नसेल तिथे तो खालीच राही. भोक आहे की नाही, या दोनच उत्तरांवर चादरीवरचा सारा मोर आणि सारी वेल उभी राहते. फ्रान्सच्या जाकार यांनी १८०४ च्या सुमारास मागावरचे हे कार्डांचे यंत्र सिद्ध केले आणि पुढे काही दशकांनी इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना मागावरून उचलली. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र म्हणजेही चौकटींचा एक ग्राफच असतो. त्यातल्या एका घराला पिक्सेल म्हणतात. आपण चाळीस वर्षे पिक्सेलच भरत आलात, फक्त तो शब्द कारखान्यात कोणी उच्चारला नाही.

आता व्यवहाराचे सांगतो. क्रिटामध्ये एक सोय आहे. ती सुरू केली की आपण काढत असलेली नक्षी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आपोआप जुळलेली दिसत राहते आणि कडेला काढलेली वेल पलीकडच्या कडेतून आत येते. ‘रिपीट’ जुळतो की नाही, हे पाहण्यासाठी आपल्याला कागद दुमडावा किंवा दुसरा कागद शेजारी लावावा लागे. येथे ते काढता काढताच कळते. कीबोर्डवरची डब्ल्यूची कळ दाबून ती सुरू आणि बंद होते. माझ्या पाहण्यातल्या दोन-तीन जणांना ही एकच गोष्ट दाखवली आणि ते त्याच दिवशी क्रिटा शिकायला बसले. हात थरथरतो त्यासाठी ब्रशच्या पर्यायांत ‘स्टॅबिलायझर’ आहे. तो लावला की रेषा पेनाच्या थोडी मागून, पण सरळ आणि शांत येते. सुरुवातीला ती मागे रेंगाळते म्हणून चुकल्यासारखे वाटेल. हात सावकाश चालवला की तिचा वेग आणि आपला वेग जुळतो.

ॲनिमेशनपर्यंत जायचे असेल तर आपला ‘रिपीट’ तिथेही भेटतो. चालणारा माणूस दाखवताना त्याचे प्रत्येक पाऊल नव्याने काढत नाहीत. डावे आणि उजवे अशा दोन पावलांची चित्रमालिका काढून तीच पुन्हा पुन्हा फिरवतात. मालिकेतले शेवटचे चित्र पहिल्याला जुळले नाही तर माणूस दर वेळी अडखळतो, अगदी चादरीच्या नक्षीचा जोड चुकावा तसा. ही चूक ओळखणारा डोळा आपल्याकडे आधीच आहे. नव्या मुलांना तो यायला काही वर्षे जावी लागतात.

प्रश्न : माझी पात्रे चालतात, पण जमिनीवर चालल्यासारखी वाटत नाहीत, हवेत तरंगतात. सॉफ्टवेअर बदलावे का? — एक शिक्षक, मोहोळ

सॉफ्टवेअर बदलून हा दोष जाणार नाही. माझ्या पहिल्या दोन वर्षांतले जवळजवळ सारे काम असेच तरंगत होते, म्हणून या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो.

‘सिनफिग’ किंवा ब्लेंडरसारख्या प्रणालीत आपण सुरुवातीची आणि शेवटची स्थिती देतो आणि मधल्या फ्रेम, म्हणजे मधली एकेक चित्रे, यंत्र भरते. ही मोठीच सोय आहे, पण मधले अंतर कसे वाटायचे हे यंत्राला ठाऊक नसते. ते समान वाटले गेले की वस्तूचे वजन नाहीसे होते. चेंडू वर फेकला तर तो शिखराजवळ हळू होतो, म्हणजे तिथली चित्रे एकमेकांना चिकटून येतात. खाली येताना वेग वाढतो, म्हणजे चित्रांमधले अंतर वाढत जाते. ही अंतरे आलेखाच्या खिडकीत जाऊन आपल्यालाच ओढून ताणून ठरवावी लागतात. चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ फ्रेमचा असला, तरी हाताने काढताना एक चित्र दोन फ्रेम टिकवून सेकंदाला बाराच चित्रे काढण्याची जुनी रीत आहे. ती आपणही पाळावी. श्रम निम्मे होतात आणि हालचालीला एक ठाम ठेका येतो. साधारण चालीतले एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे धरले तर त्याला सहा चित्रे पुरतात. त्यांत पाय टेकल्यानंतर शरीर किंचित खाली बसते, ते चित्र कधीही गाळू नये. वजन कळते ते त्याच चित्रामुळे.

मला हे कळले ते नंदीध्वजांमुळे. यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो. तो पाहायला जाऊन मी मोबाइलवर चित्रण केले आणि घरी येऊन एकेक फ्रेम पुढे सरकवत वहीत नोंदी केल्या. मी माझ्या चित्रात माणूस आणि काठी एकत्र हलवत होतो. प्रत्यक्षात आधी पेलणाऱ्याचे पाऊल टेकते, मग त्याची कंबर आणि खांदे ते ओझे स्वीकारतात, आणि काठीचा शेंडा त्यानंतर कुठे झुकतो. माझ्या चित्रणात तो सात-आठ फ्रेम उशिरा झुकत होता. शेंड्यावरच्या सजावटीचा झोका तर त्याच्याही मागून येतो आणि काठी स्थिर झाल्यावरही काही क्षण चालू राहतो. हा उशीर चित्रात आणला, तेव्हा पांढऱ्या बाराबंदीतला तो माणूस पहिल्यांदा खरोखर काहीतरी जड पेलतो आहे असे वाटले. त्यासाठी मला नवे सॉफ्टवेअर लागले नाही. त्याच जुन्या फाइलमध्ये फक्त काठीच्या फ्रेम उशिरा येतील अशा सरकवल्या.

आपण शिक्षक आहात, तेव्हा शाळेच्या मैदानावर विषयांची वाण नाही. पाण्याची भरलेली बादली नेणारे मूल आणि रिकामी बादली नेणारे मूल यांचे चित्रण करून दोन्हींतल्या फ्रेम मोजाव्यात. महिनाभर एवढेच करावे.

प्रश्न : ब्लेंडरमध्ये मराठी शीर्षक लिहिले की जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते. आम्हाला शीर्षक मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही हवे आहे. — दोन मित्र, सात रस्ता

आपल्या शहरात हा प्रश्न येणारच. देवनागरी, कन्नड आणि तेलुगू या लिप्यांत अक्षरे केवळ शेजारी शेजारी ठेवून भागत नाही. ती एकमेकांत मिसळतात आणि काही चिन्हे उच्चारात नंतर येत असूनही लिहिताना आधी येतात. ही जुळणी ब्लेंडरच्या मजकूर-वस्तूला नीट साधत नाही. उपाय सोपा आहे. ‘इंकस्केप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँट वापरून शीर्षक टाइप करावे. तिथे तिन्ही लिप्या शुद्ध उमटतात. मग ‘पाथ’ या यादीतील आज्ञेने अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करून फाइल एसव्हीजी स्वरूपात जतन करावी आणि ती ब्लेंडरमध्ये आयात करावी. आता ती अक्षरे नसून आकार आहेत, त्यामुळे त्यांना जाडी देता येते आणि हलवताही येते. रूपांतरानंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवावी आणि कन्नड-तेलुगूचे शुद्धलेखन रूपांतराआधीच ती भाषा घरी बोलणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : रात्रभर रेंडर लावले आणि पहाटे वीज गेली. सगळे वाया गेले. काय करावे? — विडी घरकुल

रेंडर म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रे तयार करून घेणे. त्यात आपण थेट व्हिडिओ फाइल तयार करायला लावली असणार. ती अर्धवट राहिली की बहुधा उघडतच नाही. त्याऐवजी प्रत्येक फ्रेमचे स्वतंत्र पीएनजी चित्र जतन करण्याचा पर्याय निवडावा. दहा सेकंदांच्या कामाच्या २४० फ्रेम होतात, आणि एका फ्रेमला दोन मिनिटे लागत असतील तर आठ तास जातात. एकशे नव्वदाव्या फ्रेमला वीज गेली, तर वीज आल्यावर तिथूनच पुढे सुरू करता येते. सर्व चित्रे तयार झाली की ब्लेंडरच्याच संपादन विभागात ती ओळीने जोडून व्हिडिओ काढावा. त्याला काही मिनिटेच लागतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दुपारी रेंडर लावू नये. आपल्याकडच्या उन्हात लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि तेच काम दीडपट वेळ घेते. रात्री, कठीण फळीवर, खालून हवा लागेल असा ठेवून लावावे. गादीवर किंवा चादरीवर ठेवू नये.