नाक चोंदलं म्हणून सीपॅप सोडू नका
सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. ते लावायला लागल्यावर सुरुवातीला नाक चोंदणं नेहमीचंच आहे, घाबरू नका. आधी मशीनचा ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारा भाग) एकेक पायरीने वाढवून बघा. नळीत पाणी साचू लागलं तर तापणारी नळी घ्या. झोपेत तोंड उघडं राहतंय का, हेही कुणाला तरी बघायला सांगा. तोंडातून हवा निसटत राहिली की नाक कोरडं पडतं आणि आतून सुजतं. माझं मूळ कारण तेच निघालं, कळायला मात्र फार महिने गेले. झोपण्याआधी सलाइनने (मिठाच्या पाण्याने) नाक धुवा, पण पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं. चोंदलेलं नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब ३ दिवसांपेक्षा जास्त नकोत, नाक उलट जास्त चोंदतं. ताप आला किंवा गाल-कपाळ ठणकू लागलं, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.