पाणी वाटा, पण तिथी बघून

प्रश्न : काका, आमचं घर मालवणजवळ देवबागला, खाडीच्या अंगाला. यजमान कर्लीच्या खाडीत जाळं लावतात. माझ्या नणंदेच्या मुलाने कर्ज काढून दोन जेट स्की आणि एक बनाना राईड घेतली आहे. दिवाळीत लागोपाठ दोन संध्याकाळी आमचं जाळं फाटलं आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. गावात आता ‘सकाळी मासेमारी, दुपारनंतर खेळ’ असं ठरवायचं चाललं आहे. यजमानांना ते पटत नाही. तुम्ही खाडीत इतकी वर्षं होडी चालवलीत, तुमचं मत सांगा. — एक वाचक

उत्तर : ताई, यजमानांचं बरोबर आहे. खाडी घड्याळावर चालत नाही. तुम्ही ‘दिवाळी’ आणि ‘संध्याकाळ’ लिहिलंत, तिथेच मला उत्तर दिसलं.

लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे उधाण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशेब तुमच्या घरात पाठ असणार. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी, सव्वापाचच्या सुमारास, पुरी सुकती, म्हणजे ओहोटी. उधाणाचं पाणी जेवढं चढतं तेवढंच खाली ओढतं. संगमाकडच्या वाळूच्या पट्ट्या उघड्या पडतात आणि मधला खोल पाट तेवढा उरतो. पर्यटकांना सूर्यास्त पाण्यातून बघायचा असतो तो नेमका याच वेळी. जाळी पाटाच्या कडेला, मुळे, म्हणजे वाळूतले शिंपले, काढणाऱ्या बायका कमरेभर पाण्यात, आणि मधून राईड. जाळं फाटणार नाही तर काय होणार? अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. तेव्हा दिवसभर सगळ्यांना पुरेल एवढी जागा असते.

म्हणून वाटणी अशी मागा : अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन-दोन दिवस खेळ दुपारी तीनला बंद, भांगाच्या दिवसांत संध्याकाळपर्यंत चालू. भाच्याचा हप्ताही यात बुडत नाही, कारण उधाणाला सकाळी नऊपासून दोनपर्यंत खाडी भरलेली असते.

वेगाबद्दल मात्र मी हट्टाने सांगतो. बायका दिसल्या की चालक पुरा वेग अर्ध्यावर आणतात आणि वाटतं, आपण जपून गेलो. अर्ध्या वेगात होडीचं नाक वर उठतं, मागचा भाग बसतो, आणि सगळ्यात मोठी लाट तेव्हाच निघते. मी प्रवासी होडीवर असताना अशीच एक स्पीडबोट शेजारून गेली. काठाजवळ एक म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन पाण्यातून येत होती. पहिल्या लाटेत ती सावरली, दुसरीत पडली. आम्ही तिला वर घेतलं तेव्हा हातात टोपलीची कड होती आणि आत एकसुद्धा मुळा नव्हता. म्हणाली, “टोपली गेली ता गेला, पण आता पाण्यात पाय घालूक भय वाटता.” माणूस दिसला की वेग अगदी मंद, होडी पाण्यावर सपाट बसेपर्यंत उतरवायचा. माझ्या मते हे न पाळणाऱ्याला त्या दिवशी परत पाण्यात उतरू देऊ नये.

तुमच्या बाजूनेही एक काम आहे. जाळ्यावर रिकाम्या बाटल्या बांधल्या असतील तर त्या तिरप्या उन्हात दिसतच नाहीत. दोन्ही टोकांना बांबू उभा करून त्यावर भडक कापड लावा. जेट स्कीला बाहेर पंखा नसतो, ती तळातून पाणी आत ओढते. धागा आत गेला की यंत्र जागेवर बंद पडतं. म्हणजे तुमचं जाळं दिसणं ही भाच्याचीही गरज आहे.

तोंडी ठरलेलं सुट्टीच्या गर्दीत टिकत नाही. खेळांचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडून मिळतो. ग्रामसभेचा ठराव करा, सोबत वर्षभराच्या उधाणाच्या तारखा पंचांगातून काढून जोडा, आणि ही वेळ परवान्याच्या अटींत घाला असा अर्ज बंदर निरीक्षकांकडे द्या. पावसाळ्यात खेळ बंद असतात, तेव्हा सगळे घरी भेटतात. पुढल्या हंगामाची बोलणी नारळी पौर्णिमेच्या आत उरका.

पण भाच्यासाठी तोवर थांबू नका. येत्या पौर्णिमेला संध्याकाळी पाचला यजमानांनी त्याला आपल्या होडीत बसवून पाटात न्यावं. इंजिन बंद ठेवून, वल्ह्यावर. जाळ्याची कड त्याच्या हातात द्यावी.