आधी दाखला शोधा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नाशिकरोड जेलमध्ये शिक्षा भोगतोय. अजून तीनेक वर्षं बाकी आहेत. त्याची शाळा नववीत सुटली ती सुटलीच. आतून दहावीला बसता येतं, असं तो मागच्या मुलाखतीत म्हणाला. पण लगेच पुढे म्हणाला, ‘बसून काय करू? बाहेर मला कोण कामाला ठेवणार?’ आईचं म्हणणं, पुस्तकांच्या भानगडीपेक्षा त्याला कँटीनसाठी चार पैसे जास्त पाठवू. मी त्याला काय सांगू?
– एक बहीण, सिन्नर

उत्तर : ताई, तूर्त त्याला काहीच सांगू नका. आधी त्याच्या शाळेत जा आणि शाळा सोडल्याचा दाखला काढून आणा.

दाखल्यापासून सुरुवात का, ते सांगते. शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं तर बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो साधारण पावसाळ्यात सुटतो आणि त्याला हा दाखला लागतो. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षं नाशिकरोडला शिकवायला जायचे. बुद्धी कमी म्हणून दहावी राहिली असे तिथं थोडे भेटले. कागद नाही म्हणून राहिलेले बरेच. आतला माणूस शाळेत खेटे घालू शकत नाही. ते काम घरच्यांचंच. शाळेनं अडवलं तर भावाच्या सहीचं पत्र जेलमधून साक्षांकित करून मागवा. दाखला गहाळ असेल तर प्रतिज्ञापत्र करून दुय्यम प्रत मिळते.

दाखला हातात आला की तिथंच उभ्यानं नाव वाचा. जेलच्या दप्तरातलं नाव कोर्टाच्या वॉरंटवरून येतं, आणि वॉरंटवर फिर्यादीत पडलेलं नाव असतं. मग दाखल्यावर ज्ञानेश्वर, आधारवर ज्ञानदेव आणि जेलमध्ये ‘ज्ञाना ऊर्फ माऊली’ अशी तीन माणसं तयार होतात. हा घोळ परीक्षेच्या हॉलतिकिटाच्या वेळी कळला तर वर्ष गेलंच म्हणून समजा. आधारच्या दुरुस्तीसाठी बोटांचे ठसे लागले तर फर्लोच्या, म्हणजे शिक्षेदरम्यान मिळणाऱ्या, रजेत ते उरकून घ्या. रजेवर आलेल्या माणसाला नातेवाईक जेवायला बोलावत राहतात. एक दिवस त्यातून राखून ठेवा.

आता ‘कोण ठेवणार’ या प्रश्नाकडे वळू. भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाही. सरकारी नोकरीचं अवघड आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपन्या ठेकेदाराकडून माणसं घेतात, तिथंही पोलीस पडताळणीचा कागद मागितला जातो. दहावी झाली म्हणून ही भिंत पडेल, असं त्याला सांगू नका. त्याला ते खरं वाटणार नाही आणि ते खरं नाहीही.

पण आयटीआयची वाट आहे. प्रवेशाला वयाची वरची अट नाही. बहुतेक ट्रेडना दहावी लागते. वायरमन, वेल्डर असे काही ट्रेड दहावी पास नसलेल्यांनाही मिळतात. म्हणजे दहावी पास होवो न होवो, एक दार किलकिलं आहे. वेल्डिंग किंवा घरगुती वायरिंग येणाऱ्या माणसाला चाळीतलं गिऱ्हाईक वर्तणुकीचा दाखला मागत नाही. आत सुतारकाम, शिवणकाम, गणपतीच्या दिवसांत शाडूच्या मूर्ती, अशी कामंही चालतात. त्यातलं कुठलं काम बाहेर सिन्नरमध्ये चालेल, याचा त्यानं तुमच्याशी बसून हिशेब करावा. सिन्नरची बाजारपेठ त्यानं बऱ्याच वर्षांत पाहिलेली नाही, तुम्ही रोज पाहता.

दहावी-बारावी करून पुढे जायचं असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. 1989 साली सुरू झालेलं हे विद्यापीठ आपल्या नाशिकजवळच्या गोवर्धनलाच आहे आणि त्याचं अभ्यासकेंद्र नाशिकरोडच्या कारागृहातही आहे. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, कैद्यांना फी माफ करते. पदवी पुरी करणाऱ्या शिक्षाबंद्यांना शिक्षेत विशेष माफी मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. मात्र माफीचं आमिष दाखवून त्याला अभ्यासाला बसवू नका. माफीसाठी बसलेले पहिल्या नापाशीला उठतात, हे मी पाहिलंय.

माझ्या वर्गात इगतपुरीकडचा पन्नाशीचा एक गृहस्थ होता. आत आला तेव्हा अंगठेबहाद्दर. बी.ए. करणाऱ्या एका पोरानं त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं. वर्षभरानं कुठल्याशा अर्जावर त्याची सही हवी होती. कारकुनानं सवयीनं शाईचा पॅड पुढे केला. यानं पॅड बाजूला सारला, कागद उचलून डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, ‘थांबा, वाचतो.’ ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, अख्खा अर्ज वाचला. मागे रांग खोळंबली, शिव्याही पडल्या. त्यानंतर सही केली, तीही आडनावासकट. बाहेर द्राक्षबागेत किंवा ऊसतोडीला गेलात की उचलीच्या, म्हणजे आगाऊ पैशांच्या, कागदावर अंगठा आधी आणि हिशेब मागाहून असतो. तिथं ‘थांबा, वाचतो’ म्हणणारा माणूस सहजासहजी फसत नाही. पास-नापासाच्या आधी शिकण्याचा हा उपयोग आहे. भावाला सांगायचंच असेल तर हे सांगा.

आईशी वाद घालू नका, पैसे पाठवू द्या. त्यातून तो वह्या-पेनंही घेईल.

प्रश्न : अंबडला माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. जेलमध्ये सुतारकाम शिकलेला एक जण काम मागायला आला. त्यानं स्वतःहून सगळं सांगितलं. हात चांगला आहे, पण जुने कारागीर कुरकुरतायत. ठेवू का?
– एक व्यावसायिक, नाशिक

उत्तर : हात चांगला आहे म्हणताय, मग ठेवा, दादा. बाकीच्यांना जो रोज देता तोच द्या. कमी पैशांत मिळाला म्हणून घेतलात तर कारागिरांची कुरकुर दुप्पट होईल, कारण त्यांना स्वतःच्या मजुरीची भीती वाटेल. गुन्हा काय होता, हे फोरमनच्या पुढे जाऊ देऊ नका. पहिले काही महिने पगार आठवड्याला करा. त्याला ना दुकानदार उधार देईल, ना घरमालक थांबेल. बँकखातं नसेल तर पहिल्या शनिवारी सोबत जाऊन उघडून द्या. आणि पोलीस पडताळणीचा कागद हवा असेल तर तो आजच मागा. दोन महिने राबवून घेतल्यावर मागू नका.