एक्मोवर असताना दादाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, केस होईल का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात असं, की दादाच्या हृदयाच्या स्नायूंना सूज आली, हार्ट पंप करेना म्हणून एका खासगी हॉस्पिटलमध्ये एक्मोवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणाऱ्या मशीनवर, घेतलं, सहाव्या रात्री दोनच्या सुमारास नर्स वहिनींना म्हणाली की डाव्या डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, डॉक्टरांना कळवलंय, आणि सीटी स्कॅन झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, त्यात डाव्या बाजूला मोठा रक्तस्राव. हार्ट सुधारलं, दादा घरी आला, पण उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हॉस्पिटल म्हणतंय कन्सेंटवर वहिनींची सही आहे, त्यात ‘मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो’ असं छापलंय, विषय संपला.

विषय संपलेला नाही. पण तुम्ही जी केस करायला निघालात ना, ‘एक्मोमुळे ब्लीडिंग झालं म्हणून हॉस्पिटल दोषी’, ती केस तुम्ही हराल, हे आधीच सांगतो. एक्मोत रक्त बाहेर काढून, मशीनमधून ऑक्सिजन देऊन परत आत सोडतात, ते गोठू नये म्हणून बहुतेक वेळा हेपरिन चालू ठेवतात, त्यामुळे मेंदूत ब्लीडिंग होणं किंवा उलट गुठळी जाऊन स्ट्रोक येणं ही या उपचाराची माहीत असलेली गुंतागुंत आहे आणि सगळं नीट करूनही ती होते. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हेच सांगेल, आणि ते खरंच आहे.

तुमची केस, असली तर, त्या चौदा तासांत आहे. एक्मोवरचा पेशंट झोपेच्या औषधांवर असतो, हात उचला म्हटलं तर उचलणार नाही, बोलणार तर नाहीच, मग मेंदूत काही बिघडलं तर कळणार कसं? बेडजवळ बघण्यासारखं फार थोडं उरतं आणि त्यातलं एक म्हणजे बाहुली. म्हणून ती ठरावीक तासांनी टॉर्च मारून बघतात आणि चार्टवर लिहितात. एक्मो करणाऱ्यांची एल्सो म्हणून आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिची प्रौढ पेशंटच्या मेंदूच्या देखरेखीबद्दलची खास मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्ये आली, त्यात नियमित न्यूरो तपासणी आहे, बीपी आणि ताप सांभाळणं आहे, सुरुवातीलाच रक्तातला कार्बन डायऑक्साइड एकदम खाली पाडू नका हेही आहे. तो कायदा नाही, पण ‘सावध डॉक्टरने काय करायला हवं होतं’ हे ग्राहक आयोगापुढे मांडायला उपयोगी पडतं.

म्हणजे प्रश्न असे, की बाहुलीची नोंद किती वाजताची, कोणाला कळवलं, ते कधी आले, हेपरिन कधी थांबवलं, आणि सीटीला उशीर का? या शेवटच्याला हॉस्पिटलकडे चांगलं उत्तर असू शकतं, हं. एक्मोवरचा पेशंट हलवणं म्हणजे पंप, नळ्या, परफ्युजनिस्ट (मशीन चालवणारा तंत्रज्ञ), डॉक्टर असा सगळा लवाजमा घेऊन जाणं, एक नळी निसटली तर खेळ खलास, त्यामुळे ‘बीपी टिकत नव्हतं म्हणून थांबलो’ असं त्याच वेळी लिहिलेलं असेल तर मी तुम्हाला केस करू नका असंच सांगेन. काहीच लिहिलेलं नसेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून आधी कागद. तुमच्याकडे फक्त डिस्चार्ज समरी आहे, तिचा इथे फारसा उपयोग नाही. आयसीयूचा तासातासाचा चार्ट, नर्सिंग नोट्स, परफ्युजनिस्टची शीट, हेपरिनचा डोस आणि रक्त गोठण्याचे रिपोर्ट, ब्लड गॅस, सीटीच्या फिल्म, सगळं लेखी मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं. ते उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचं बंधन आहे, पण तुम्ही थांबू नका. तोंडी मागू नका, अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ घ्या. नाही दिलं तर राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, आणि रेकॉर्ड दडवलं ही गोष्ट पुढे त्यांच्याच अंगाशी येते.

ते हातात आलं की आधी एखाद्या न्यूरोच्या किंवा क्रिटिकल केअरच्या डॉक्टरला दाखवा, वकिलाला नंतर (हे मी वकील असून सांगतोय). प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने किशन राव केसमध्ये २०१० ला सांगितलंय, पण एक्मोसारख्या गुंतागुंतीच्या विषयात त्याशिवाय उभं राहणं अवघड.

कन्सेंटचं म्हणाल तर, समीरा कोहली केसमध्ये (२००८) कोर्टाने सांगितलं की धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती. जीव वाचवायच्या घाईत थोडी सूट मिळते, ते ठीक. पण वहिनींनी धोका मान्य केला, निष्काळजीपणा नाही. ब्लीडिंग होऊ शकतं यावर सही म्हणजे झालं तर बघू नका यावर सही नव्हे.

तक्रार ग्राहक आयोगात करायची, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, तुमचे चौदा महिने गेलेत, उशीर माफ होऊ शकतो पण त्या भरवशावर राहू नका. हॉस्पिटलला ५० लाखांपर्यंत फी भरली असेल तर जिल्हा आयोग, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथेही दाखल करता येते. वहिनी स्वतःही तक्रारदार होऊ शकतात. स्प्रिंग मेडोज केसमध्ये (१९९८) मेंदूला इजा झालेल्या मुलाबरोबर त्याच्या आईवडिलांनाही ग्राहक धरून भरपाई दिली होती.

पोलिसांत जायचं मात्र डोक्यातून काढा. जेकब मॅथ्यू निकालापासून (२००५) डॉक्टरवर फौजदारी चालवायला घोर निष्काळजीपणा लागतो, आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं, आणि तुमची शक्ती तिथेच संपेल.

बँकेचं राहिलं, ती वहिनींना दादाच्या खात्याला हात लावू देत नाही ते. नवऱ्याच्या खात्यावर बायकोचा आपोआप हक्क नसतो, बँक बरोबर बोलली. पण तुम्ही लिहिलंय की दादाला सगळं समजतं, फक्त बोलता आणि सही करता येत नाही. मग हायकोर्टातून पालक नेमून घ्यायची गरज नाही, ते कोमातल्या किंवा काहीच न समजणाऱ्या पेशंटसाठी. आरबीआयच्या सूचनांप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी हवा. मॅनेजरला लेखी विनंती द्या. डाव्या हाताचा अंगठा चालेल, उजवा हलत नाही म्हणून अडवतील तर नियम दाखवायला सांगा.